दोन ते चारची ड्यूटी

फौजेतनं पेन्शन घेऊन भांडुपला परत आल्यापासून लोक मला फिरून फिरून दोनच गोष्टी विचारतात. एक म्हणजे, "गोळी चालवली का हो कधी?" आणि दुसरी, आवाज जरा खाली घेऊन, "कॅन्टीनची एखादी बाटली जमेल का?" दुसरीचं उत्तर सोपंय, नाही जमणार, कार्डावर कोटा असतो आणि त्या कोट्यावर माझ्या मेहुण्याचा डोळा आधीपासूनच असतो. पहिलीचं उत्तर मात्र मला अजून नीट देता आलेलं नाही. चालवली, असं म्हणलं की समोरचा खुर्ची पुढे ओढतो, त्याला आता अख्खा पिक्चर बघायचा असतो, आणि मी सांगायला लागतो की बाबा रे, रायफल चालवली त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा पुसली, बर्फ उपसला, मातीची पोती भरली, वर पाणी वाहून नेलं, आणि रस्त्याच्या कडेला उभा राहिलो, नुसता उभा राहिलो. मग त्याचा चेहरा पडतो आणि तो पाकिस्तानवर बोलायला लागतो.

मला कोणी विचारत नाही की तिथं झोप लागायची का. खरं तर हे विचारायला पाहिजे. लागायची, आणि कसली लागायची! बूट घालून, अंगावर जॅकेट, उशाला पिठ्ठू म्हणजे पाठीवरची पिशवी, बाहेर वारा सुटलेला, पलीकडे दुश्मनाची पोस्ट, आणि आपण घोरतोय. कारण बाहेर आपला माणूस उभा असायचा. फौजेत मी काय कमावलं असं कोणी विचारलं तर मी हीच झोप सांगेन, दुसऱ्याच्या भरवशावर बिनघोर झोपता येणं. देशभक्ती बिशभक्ती सगळी असते, पंधरा ऑगस्टला आमच्याही अंगावर काटा येतो, पण रोजच्या दिवसात माणूस ज्याच्यावर जगतो ती गोष्ट ही.

मी २००३ ला बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरला रंगरूट म्हणून गेलो तेव्हा आमच्या प्लाटूनमधला मुंबईचा मी एकटा. बाकी सगळे सातारा, सांगली, कोल्हापूर, थोडे नगरचे. त्यातल्या साताऱ्याच्या पोरांना सगळं आधीच पाठ, कारण घरात आजोबांची काळी ट्रंक, चुलत्याची काळी ट्रंक, त्यावर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. एक जण तर अपशिंग्याच्या शेजारच्या गावचा होता. अपशिंगे म्हणजे ते, ज्याला लोक अपशिंगे मिलिटरीच म्हणतात, पहिल्या महायुद्धात ज्या एका गावाचे ४६ जवान गेले. हा गडी फॉलिनमध्ये असा उभा राहायचा की जसा जन्मालाच सावधानमध्ये आला. आणि माझा बाप गिरणी कामगार, १९८२ च्या संपात गिरणी गेली ती गेलीच, मग त्याने मिळेल ते काम केलं. ट्रंक आमच्या घरी पण होती, पण तिच्यात गोधड्या.

त्यामुळं पहिल्याच आठवड्यात माझं नाव पडलं 'बंबईया' आणि आजही सगळ्यांच्या फोनमध्ये मी त्याच नावानं सेव्ह आहे. पळताना मागे पडलो की उस्ताद ओरडायचे, "ए बंबईया, लोकल छूट गई क्या?" मी हे सगळं ऐकून घेतलं आणि एक दिवस रेजिमेंटच्या इतिहासाच्या क्लासमध्ये कळलं की आपली सगळ्यात जुनी पलटण, जंगी पलटण, ती १७६८ ला बॉम्बे सिपाही म्हणून मुंबईतच उभी राहिली, कंपनी सरकारच्या वखारी राखायला. त्या रात्री बराकीत मी छाती काढून फिरलो, म्हणलं सातारकरांनो, पलटण मुळात आमची, तुम्ही मागनं आलात. अंधारातून एक बूट आला. नेम चांगला होता, पुढे तो गडी फायरिंगमध्ये कंपनीत पहिला आला.

पहाऱ्याबद्दल जरा सांगतो. रात्रीची संतरी ड्यूटी दोन-दोन तासांची असते. दहा ते बारा सगळ्यात भारी, उरकलं की सकाळपर्यंत एकसलग झोप. चार ते सहा पण चालतं, उजाडायला लागतं, लांगरी म्हणजे स्वयंपाकी उठतो, कुक हाऊसमधनं चहाचा वास येतो. सगळ्यात बेकार म्हणजे दोन ते चार. आधीची झोप मोडलेली, नंतरची लागत नाही, आणि त्या टायमाला डोळे फार खोटं बोलतात, बघत राहिलं की झाडाचं खोड हळूच सरकतं, दगडाला खांदे फुटतात. आमच्यात उठवायची पण पद्धत होती, खांदा हलवायचा नाही, हाक मारायची नाही, पायाचा अंगठा बुटावरनं दाबायचा, एकदाच, नीट. माणूस आवाज न करता उठून बसतो. मी आजही घरी बायकोला असंच उठवतो आणि शिव्या खातो.

आमच्या पहिल्या पोस्टवर एक सीनियर हवालदार होते, ड्यूटीचा कागद तेच बनवायचे. महिनाभराने माझ्या लक्षात आलं की ज्या रात्री बर्फ पडतोय किंवा धुकं इतकं की तारेचं कुंपण दिसत नाही, त्या रात्री दोन ते चारच्या पुढे त्यांचंच नाव असतं. कधी कोणाला सांगितलं नाही, भाषण नाही. आम्ही पण विचारलं नाही. फक्त एकदा गडहिंग्लजचा माझा बडी, म्हणजे ड्यूटीचा जोडीदार, म्हणला, "म्हातारं वातानं आखडतंय आणि बाहेर मरायला जातंय," आणि दुसऱ्या दिवशी त्याने गुपचूप त्यांच्या पाण्याच्या बाटलीत गरम पाणी भरून ठेवलं. अशा गोष्टींना मेडल नसतं आणि ते बरोबरच आहे म्हणा, मेडल दिलं असतं तर म्हातारं चिडलं असतं.

२००५ चा जुलै. मी वर काश्मीरला, एलओसीच्या बाजूला. रेडिओवर बातम्या लागल्या, मुंबईत पाऊस, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर. आकडा ऐकून पोरं हसली, म्हणली बंबईया, तुमच्याकडं सगळंच जास्त. मग हळूहळू बाकीचं कळायला लागलं, लोकल बंद, लोक गाड्यांत बुडून मेले, साकीनाक्याला दरड कोसळून वस्तीच गेली. आमचं घर टेंभीपाड्याच्या चढावर. पाणी तिथवर येत नाही हे मला माहीत होतं, पण डोंगर येऊ शकतो हे पण माहीत होतं. घरात फोन नव्हता, खालच्या किराणा दुकानात होता, तो नंबर मला अजून पाठ आहे.

पोस्टवरनं फोन लावणं म्हणजे आत्तासारखं नाही की खिशातनं काढला आणि लावला. हँडल फिरवायचं, पलटणच्या एक्सचेंजवरचा ऑपरेटर उचलणार, तो ब्रिगेडला जोडणार, तिथला पुढच्याला, असं करत करत कुलाब्याच्या मिलिटरी एक्सचेंजपर्यंत पोचायचं आणि मग तिथनं शहरात. मध्ये एकाने जरी पिन काढली की संपलं, परत पहिल्यापासून. आमचा ऑपरेटर कोल्हापूरकडचा, त्याने पहिल्या रात्री मला लाईनवर ठेवून एकेक टप्पा जोडला आणि शेवटी कुलाब्याला एक आवाज आला, दक्षिणेकडचा पोरगा असावा, हिंदी तशीच. मी नंबर सांगितला. तो म्हणला, "भांडुप साइड का सब डेड है भाई, तुम सो जाओ, मैं ट्राय करता रहूँगा."

तुम सो जाओ! मी काय झोपणार. माझी दोन ते चार होती, गडहिंग्लजच्या बडीने ती स्वतःवर घेतली, मला न विचारता, उलट मी बाहेर आलो तर म्हणला आत जा लेका, तुझं डोकं ठिकाणावर नाही, तू कुंपणावर आपल्याच माणसाला गोळी घालशील. दुसरा दिवस तसाच गेला. त्यानंतरच्या रात्री कधीतरी पोस्टवरचा फोन वाजला, आणि वाजला तो उलट्या बाजूनं, म्हणजे कुलाब्याचा तो पोरगा टप्पे जोडत जोडत वर चढत आला होता. दुकानदार लाईनवर. "तुझी आई समोर उभी आहे, बोल," असं म्हणला आणि आई पहिलं वाक्य काय म्हणाली तर, "अरे तू जेवलास का?"

त्या पोराचं नाव मी विचारलं नाही. त्या आनंदात सुचलंच नाही आणि परत त्या एक्सचेंजवर फोन लागला तेव्हा आवाज दुसराच होता. त्याला माझ्यासाठी हे करायची काही गरज नव्हती, त्याच्या चार्टरमध्ये हे नव्हतं, माझी पलटण वेगळी, त्याची कोअर वेगळी, भाषा वेगळी, आणि बहुतेक त्याच्या स्वतःच्या बराकीत पण तेव्हा पाणी नाहीतर अंधार असणारच. माझ्या नोकरीत मी शौर्यचक्रवाले बघितलेत, त्यांना कडक सलाम आहेच, पण छाती फुगते म्हणतात ना, तशी माझी त्या आवाजाच्या आठवणीनं फुगते.

पुढे आरआरला, म्हणजे राष्ट्रीय रायफल्सला असताना रस्ता खोलायची ड्यूटी केली, आरओपी म्हणतात, रोड ओपनिंग पार्टी. नाव मोठं आणि काम असं की अंधार असतानाच निघायचं, रस्त्याच्या दोन्ही अंगांनी चालत जायचं, पुढे डिटेक्टरवाला आणि कुत्रं, प्रत्येक मोरी वाकून बघायची, प्रत्येक उकरलेली माती, काल नसलेला डबा, काल नसलेलं पोतं. रस्ता क्लिअर झाला की आपापल्या जागी उभं राहायचं ते शेवटची गाडी जाईपर्यंत. थंडीत पायाची बोटं आहेत का नाहीत हे बघायला बुटातच हलवून बघायची. कॉन्व्हॉय समोरून जातो. त्यातले निम्मे जवान खिडकीला डोकं टेकून झोपलेले असतात, तोंड उघडं, लाळ गळतीये.

आधी मी त्या गाडीत असायचो. सुट्टीला निघालो की श्रीनगरहून जम्मूपर्यंतचा तो अख्खा रस्ता, जवाहर टनेल, बनिहाल, रामबन, मी झोपून काढलेला आहे, जाग आली की जम्मूचा ट्रान्झिट कॅम्प. रस्त्याच्या कडेला शाल पांघरलेल्या झाडासारखी माणसं उभी असतात हे डोळ्यांना दिसायचं, डोक्यात शिरायचं नाही. स्वतः उभा राहिलो तेव्हा शिरलं. एकदा एका गाडीतनं कोणीतरी उठून, झोपेतच, हात वर केला, मी पण केला. माझ्या शेजारी डोग्रा पलटणचा एक जण होता, तो म्हणला, "सोने दे यार, क्यों जगाता है." बरोबर होतं त्याचं.

सियाचेनवर लोकांना ऐकायला आवडतं म्हणून थोडं लिहितो, नाहीतर त्यावर इतकं आलंय की नवीन काय सांगणार. एप्रिल १९८४ पासून तिथं आपली फौज आहे, एक दिवस खंड नाही. वर चढवताना शरीराला टप्प्याटप्प्यानं सवय लावतात, पहिल्या टप्प्याला सहा दिवस, पुढच्याला चार, त्याच्या पुढे अजून चार, घाई केली की फुफ्फुसात पाणी. निघायच्या आधी बेस कॅम्पला ओपी बाबाच्या, जवान ज्याला तिथला राखणदार मानतात त्याच्या, मंदिरात रिपोर्ट करायचा, हिंदू असो मुसलमान असो, पार्टीचा लीडर जाऊन रीतसर सांगतो की इतके जण वर जातोय. मग एका दोराला बांधून घ्यायचं आणि चालायचं. दोरावर तुमच्या पुढचा माणूस कोण आणि मागचा कोण एवढंच जग उरतं.

पोस्टवर अंडं दगडासारखं होतं, टूथपेस्ट बाहेर येत नाही, पाणी म्हणजे स्टोव्हवर वितळवलेला बर्फ, आणि त्या केरोसीनच्या काजळीनं थुंकी काळी पडते. हे सगळं खरं, पण यापेक्षा मला तिथली रात्र सांगायचीये. त्या उंचीवर झोप लागली तरी भीती असते, माणूस झोपेतच जाऊ शकतो. म्हणून जो कोणी बर्फ उपसायला उठायचा तो परत आत येताना प्रत्येकाच्या तोंडाजवळ वाकून श्वास ऐकायचा. बॅटरी न लावता, नुसतं ऐकायचं. मी जागा असलो तरी डोळे मिटून पडून राहायचो, आपलं ऐकून होईपर्यंत. आमच्यातला आटपाडीचा गडी दिवसभर सगळ्यांच्या आईवर जायचा, खाण्यावरून भांडायचा, पत्त्यात चोरी करायचा, आणि रात्री सगळ्यात जास्त वेळ वाकून राहायचा तो हाच. अशा माणसाला चांगला म्हणायचं का वाईट, तुम्हीच ठरवा, आम्ही त्याला फक्त पत्त्याला बसवायचं बंद केलं.

आता मुंबई. लोअर परळला एका काचेच्या बिल्डिंगमध्ये मी सिक्युरिटी सुपरवायझर आहे. इंटरव्ह्यूला एका पोराने विचारलं, "टीम हँडल केलीये का?" म्हणलं हो, थोडीफार. हाताखालची मुलं उत्तर प्रदेश, बिहार, थोडी आपल्या मराठवाड्याची, बारा-बारा तास उभी. त्यांच्यावर मी ओरडतो कमी, कारण उभं राहणं काय असतं ते मला माहितीये, पण एक नियम लावलाय, रिलीफ आल्याशिवाय जागा सोडायची नाही आणि रिलीफनं उशीर करायचा नाही. वरच्या मजल्यावरच्या लोकांना या मुलांची नावं माहीत नसतात. तेही ठीकच. २६ नोव्हेंबर आला की सगळ्यांच्या स्टेटसला मेजर संदीप उन्नीकृष्णन असतात, असायलाच पाहिजेत, पण नरिमन हाऊसला पडलेला हवालदार गजेंदर सिंग, त्यालाही अशोकचक्रच मिळालं, त्याचं नाव घेणारे मला फार कमी भेटले. मी स्वतः हवालदार म्हणून रिटायर झालो म्हणून जरा जास्त लागत असेल. असू दे.

चाळीतली पोरं पण येतात, अग्निवीरची तयारी करणारी. सकाळी पंपिंग स्टेशनच्या रस्त्याला पळतात, सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत आले तर साठातले साठ मार्क. मी त्यांना मोज्यांबद्दल सांगतो, पुलअप्सबद्दल सांगतो. चार वर्षांची नोकरी, पुढे शंभरातले पंचवीस ठेवणार, यावर माझं मत विचारलं तर मी सांगतो की मला स्वतःला बडी म्हणजे काय हे समजायलाच दोन-तीन वर्षं गेली, आणि त्यातही मला सांगणारे म्हातारे होते. पोरं मान हलवतात आणि परत पळायला जातात. त्यांना जायचंच आहे, आणि जाणाऱ्याला मी कधी अडवत नाही.

गेल्या पावसाळ्यात पलटणच्या जुन्या ग्रुपवर मेसेज पडला, आटपाडीच्या त्याच गड्याचा थोरला भाऊ टाटाला ॲडमिट. भाऊ म्हणजे ईसीएचएसमध्ये, माजी सैनिकांच्या उपचाराच्या योजनेत, बसत नाही, त्यामुळं मिलिटरी हॉस्पिटलचा प्रश्न नाही, परळ गाठायचं. मुंबईत त्याचं कोणी नाही. तासाभरात आमचे रिटायर सीएचएम, म्हणजे कंपनी हवालदार मेजर, जे अंबरनाथला असतात, त्यांनी ग्रुपवर एक कागद टाकला, हाताने लिहिलेला, फोटो काढून. वर तारीख, खाली रकाने, दिवस पाळी, रात्र पाळी, ब्लड देणार कोण, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत वहिनींच्या खोलीचं बघणार कोण, आणि सगळ्यात खाली, "सर्वांनी दाढी करून यावे." ओला चालवणारा एक जण स्टेशनवर घ्यायला गेला, बँकेतल्या गार्डने सुट्टी टाकली, डोंबिवलीच्या एकाच्या बायकोने डबे धरले. कोणी कोणाला थँक्यू म्हणलं नाही आणि आटपाडीकरांनी आल्या आल्या पहिल्या दिवशीच डब्यातल्या आमटीला नावं ठेवली.

माझी नेहमी रात्र पाळी, कारण बंबईया जवळ राहतो असं सीएचएम साहेबांचं म्हणणं, भांडुप आणि परळ त्यांना शेजारी वाटतात. वॉर्डात एकच माणूस थांबू देतात. मी खाटेशेजारी स्टूल टाकून बसायचो, भावाला खोकल्याची उबळ आली की उठवून धरायचो, भांडं पुढे करायचो, बाकी वेळ सलाइनच्या थेंबाकडं बघत राहायचो. आणि आटपाडीचा तो खाली फुटपाथवर, चार पेशंटच्या नातेवाइकांच्या मध्ये, प्लास्टिकवर आडवा. एकदा चहाला खाली उतरलो तर तोंड उघडं टाकून घोरत होता, पावसाची झड त्याच्या पायावर येत होती. मी प्लास्टिक ओढून घेतलं त्याच्या पायावर. उठला नाही, नुसतं झोपेत म्हणला, "किती वाजले?" म्हणलं तुझा नंबर नाही अजून, पड.

सकाळी सहाला माझा रिलीफ, टिटवाळ्याहून येणारा. साडेसहा झाले तरी पत्ता नाही, फोन लागेना, इकडे मला आठच्या आत ड्यूटीवर पोचायचं. पावणेसातला आला धापा टाकत, म्हणे कसाऱ्याची गाडी लेट होती. मी त्याला जिन्यातच धरून सगळं ऐकवलं, अगदी बेळगावच्या भाषेत, दोन नर्स थांबून बघायला लागल्या. त्याने निमूट ऐकून घेतलं आणि पिशवी पुढे केली, त्याच्या आईने चटणी-भाकरी दिली होती. त्यातल्या दोन मी काढून घेतल्या, एक आटपाडीकरासाठी ठेव म्हणलं, आणि लोअर परळच्या दिशेनं चालायला लागलो.